आखूड बाह्यांचे वकीलसाहेब

सुनावणीच्या सकाळी प्रोफेसरबाईंनी लॉन्ड्रीतून आलेला काळा कोट अंगात घातला आणि त्यांचे दोन्ही हात नाहीसे झाले.

"अगं, यात आपण दोघंही मावू," नवरा म्हणाला.

"निळ्या पाटीवाल्यांनी कुणा पहिलवानाचा दिलाय!"

दुकान अजून उघडलं नव्हतं, आणि कोटाशिवाय स्पर्धा आयोगासमोर उभं राहता येत नव्हतं. मक्तेदारी आणि संगनमताचा कायदा शिकवण्यात बाईंची हयात गेली होती. खटला मात्र पहिलाच, तोही लॉन्ड्री कंपन्यांवर. निळ्या आणि हिरव्या पाट्यांच्या दुकानांनी एकाच दिवशी दर वाढवले होते. शेवटी नवऱ्याने बाह्या दुमडून पिना टोचल्या आणि बाई निघाल्या.

त्यांना पाहून सभागृहात खसखस पिकली. पण कंपन्यांचे धिप्पाड वकीलसाहेब आत आले तेव्हा लोकांना बाईंचा विसर पडला. साहेबांचा कोट कसाबसा चढवलेला, बाह्या कोपरापर्यंत.

"दोन्ही कंपन्या कट्टर प्रतिस्पर्धी आहेत!" साहेब गरजले. "कारखाने वेगळे, माणसं वेगळी. बाईंचं सगळं पुस्तकी. पुरावा कुठाय?"

त्यांनी आवेशात हात वर केला. टर्रकन काखेत शिवण उसवली आणि आतलं जांभळं अस्तर बाहेर आलं. शिंप्याशी भांडून बाईंनी स्वतः निवडलेलं अस्तर!

बाई उठल्या. "साहेब, हा कोट धुवायला कुठे दिला होतात?"

"हिरव्यांकडे. अशील सोडून दुसरीकडे कशाला जाऊ?"

"मी माझा निळ्यांकडे दिला होता. मग तो तुमच्या अंगावर कसा?"

साहेबांनी बाईंना प्रथमच नीट न्याहाळलं. "अहो, म्हणजे तुम्ही घातलाय तो माझा!"

"हे नोंदवून घ्या," अध्यक्ष शांतपणे म्हणाले.

दुपारीच तपासनीस धाडले गेले. निळ्यांचे आणि हिरव्यांचे कपडे एकाच कारखान्यात, एकाच यंत्रात गुण्यागोविंदाने घुसळून निघत होते. निकाल बाईंच्या बाजूने लागला. त्यांना पुस्तकी किडा म्हणणारे सहकारी हार घेऊन रांगेत उभे राहिले.

बाई विजयी मुद्रेने, स्वतःचा उसवलेला कोट हातात घेऊन घरी आल्या.

"शिंप्याकडे टाकतो," नवरा म्हणाला. "आता आपल्या भागात तो एकच उरलाय."

"एकच?" बाईंनी चष्मा सावरला आणि पेन उचललं.

नवऱ्याने घाईघाईने कोट ओढून घेतला. "राहू दे, राहू दे! मीच शिवतो."