मल्लिनाथचा डावा पाय

मल्लिनाथ बिराजदार एका पायावर उभा राहून चहा पितो. डाव्या. उजवा पाय गुडघ्यात मागे दुमडलेला, बशी छातीच्या उंचीवर आणि चेहरा असा, की समोर राष्ट्रगीत चाललं आहे. चहा संपेपर्यंत दुसरा पाय खाली येत नाही. सात रस्ता चौकातल्या टपरीवरचं नवखं गिऱ्हाईक घाबरून बाजूला सरकतं. टपरीवाला वरही न बघता सांगतो, "काय न्हाय हो, पाय तपासाय लागलेत."

त्या पायाबद्दल सैन्याच्या डॉक्टरांचा गैरसमज झालेला आहे आणि तो दूर करणं हे मल्लिनाथचं गेल्या बावीस वर्षांचं काम. तो विजेच्या मोटारी रिवाइंड करण्याचं दुकानही चालवतो, पण जोडधंदा म्हणून.

लोक घरी आलेल्याला आधी पाणी देतात; मल्लिनाथ एक्स-रे दाखवतो. डाव्या नडगीचा, दर वर्षी नवा. खिडकीच्या काचेला चिकटवलेला असतो, म्हणजे उजेड चांगला येतो. "बघा सर, कुटं चीर दिसती का?" मी आयुष्यभर कॉलेजचं ग्रंथालय सांभाळलं. मला त्यात एक पांढरा दांडका दिसतो. "नाही दिसत," मी म्हणतो. "मग? फिट्ट हाय की!"

एकोणिसाव्या वर्षी तो भरती झाला तेव्हा आमच्या गल्लीने त्याला हलगी लावून निरोप दिला होता. सोलापुरात माणूस निवृत्त झाला, निवडून आला किंवा नुसता परगावी निघाला तरी आपण त्याच्या अंगावर चादर घालतो. मल्लिनाथला तर इतक्या घातल्या, की वैशाखात पोरगं घामाने निथळत होतं. मला सत्कारांचा तिटकारा आहे, म्हणूनच बहुधा मला अध्यक्ष केलं. मी वीस मिनिटं बोललो. 'या गल्लीची छाती आज रुंद झाली,' असं एक वाक्य त्यात होतं. ते अजून आठवतं आणि अजून कानशिलं तापतात.

सहा महिन्यांत तो परत आला. सकाळच्या गाडीने उतरून दुपारपर्यंत स्टेशनवरच बसून राहिला, म्हणे. जेवणं होऊन रस्ते ओस पडल्यावर गल्लीत शिरला. प्रशिक्षणात हाड चिरलं आणि सैन्याने काढून टाकलं, एवढं सगळ्यांना कळलं. त्याची आई, जिला तो अव्वा म्हणायचा, त्यानंतर नळावर सगळ्यात शेवटी जाऊ लागली. बाकीच्या बायका भरून गेल्या, की मग घागर घेऊन निघायची.

मग अर्ज सुरू झाले. अर्ज इंग्रजीत हवा, म्हणून माझ्याकडे. सोबतचे कागद तो स्वतःच जोडायचा. "डिस्चार्जचा कागुद मी लावतो की. तुमी फकस्त वर लिवा."

आणि मी लिहायचो! 'ज्या पायाने मातृभूमीच्या दिशेने पहिलं पाऊल टाकलं, त्याच पायावर घोर अन्याय झाला आहे,' अशा थाटाचं. सत्कारातल्या भाषणांना नावं ठेवणारा मी, अर्जात चौघडे वाजवत होतो. पाठवण्याआधी प्रत्येक अर्ज संध्याकाळी निवृत्तांच्या कट्ट्यावर वाचून दाखवायचो. लोक डोळे पुसेपर्यंत हसायचे. एका निवृत्त मुख्याध्यापकाने तर विचारलं होतं, "पाय स्वतंत्र अर्ज करणार, की मालकाबरोबर?" असे चौदा अर्ज झाले. चौदा नकार आले.

वय सरलं तशी त्याने प्रादेशिक सेना शोधून काढली. तिथे बेचाळीसपर्यंत घेतात. तिच्या भरतीलाही तो दोनदा जाऊन आला. पहिल्यांदा दारावरचा जवान म्हणाला, "पालकांनी बाहेर थांबा." दुसऱ्यांदा धावण्यात त्याने निम्म्या पोरांना मागे टाकलं. वैद्यकीय तपासणीत मात्र जुना कागद निघाला आणि त्याला घरी धाडलं.

गेल्या वर्षी अव्वा गेली. तीन महिन्यांनी मल्लिनाथ माझ्याकडे आला. एक्केचाळीस पूर्ण झालेली, ही शेवटची भरती. त्याने एक पिवळा पडलेला कागद माझ्यापुढे ठेवला.

"ह्यो आधी वाचा सर. मग लिवा."

तो डिस्चार्जचा कागद मी पहिल्यांदाच पाहत होतो. डाव्या नडगीचं हाड चिरलेलं, तीन महिने विश्रांती. त्यानंतर पुढच्या तुकडीबरोबर प्रशिक्षण पूर्ण करता येईल. आणि त्याखाली: जवानाने स्वतः घरी जाण्याची विनंती केल्यामुळे सेवामुक्त. पुढे मल्लिनाथची सही, शाळकरी मराठी अक्षरात.

मी पुन्हा वाचलं. चौदा अधिकाऱ्यांनी वरचं माझं 'घोर अन्याय' वाचलं असणार आणि मग पान उलटून हे.

"तुला काढलं नव्हतं?"

"न्हाय."

"मग तू..."

"दवाखान्यात पडलो हुतो. रविवारी फोन लावाय मिळायचा. किराणा दुकानात लावला, त्यांनी अव्वाला बोलवून आणलं. ती दुसरं कायच बोलंना. 'ऊटा आतेन?' जेवलास का, एवढंच. मी म्हणालो, जेवलो. पुन्ना तेच. तीनदा. घरात तर ती एकलीच की, सर. सोमवारी सायबानं इचारलं, थांबणार का जाणार? मी म्हणालो, जातो."

"तिला सांगितलंस?"

"काय सांगू? तुज्यासाठी आलो म्हणून? ती नळावर कशी जायाची बघितलंय न्हवं तुमी? त्यात आणि हे तिच्या डोक्यावर घालू? पायावर ढकललं. पाय काय रडत न्हाय."

मला वाटलं, निदान कट्ट्याबद्दल तरी याला सांगावं. "मल्लू, ते अर्ज मी..."

"ठावं हाय की. टपरीवाला सांगायचा, आज तुजा अर्ज लई गाजला म्हणून." तो खरंच खूश दिसत होता. "हसू देत की. चांगलं लिवलेलं असल्याबगर कोण हसतंय?"

मी उठून पंखा वाढवला. तो आधीच पाचवर होता.

"आता खरं लिवा सर. मीच गेलो म्हणून लिवा. आता परत यायचं हाय म्हणून लिवा."

"असं लिहिलं तर घेणार नाहीत, रे."

"न लिवताबी घेतलं न्हाय की."

चार ओळी झाल्या. माझ्या आयुष्यातलं एवढं साधं इंग्रजी मी पहिल्यांदाच लिहिलं आणि ते कट्ट्यावर नेलं नाही. यंदा भरतीला जाण्याआधी त्याने ते टपालाने पुढे धाडलं. आधी परवानगी, मग धावणं, असं त्याचं म्हणणं.

वीस-बावीस दिवसांनी त्याने मला घरी बोलावलं. पाकीट फोडलेलं नव्हतं. मी नेहमीच्या खुर्चीवर बसलो, पत्र उघडलं आणि त्या पंधराव्या नकाराचा अर्थ सांगायला लागलो. हळू आवाजात, जवळजवळ कुजबुजत. नकाराची पत्रं त्या घरात मी चौदा वेळा अशीच सांगितली होती, कारण आतल्या उंबऱ्याशी अव्वा भाजी निवडत बसलेली असायची.

"मोठ्यानं वाचा सर," मल्लिनाथ म्हणाला. "आत कोन न्हाय."

मी घसा साफ केला आणि वाचलं. वरच्या जावक क्रमांकापासून खालच्या शिक्क्यापर्यंत, स्वयंपाकघरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.