दहापैकी चार

गुरुवारी संध्याकाळी साहित्याचे सर लाल पेन घेऊन बसले, तेव्हा टेबलावर बेचाळीस गृहपाठ असायला हवे होते. होते त्रेचाळीस, पण सरांनी मोजले नाहीत. पहिल्या वर्षाच्या मुलांना कथा, कविता, नाटक असं सगळंच थोडं थोडं चाखवायचं असतं. कविता उरकली होती, नाटक यायचं होतं, आणि कथेसाठी सरांनी विषय दिला होता: घर सोडून जाणाऱ्या माणसाचं पत्र लिहा.

सगळ्यात वरचा कागद बाकीच्यांसारखाच टाइप केलेला होता, फक्त त्यावर नाव नव्हतं.

"तोंडाने सांगायला गेले की तुम्ही माझी वाक्यं दुरुस्त करता, म्हणून लिहितेय. बाथरूमचा नळ तीन महिने गळतोय. खालची निळी बादली रोज मीच रिकामी करते. माझंही तसंच चाललंय. उद्या शुक्रवारी चारच्या बसने मी ताईकडे जाते. थांब म्हणालात, तर थांबेन."

दुसऱ्या कोणाच्याही काळजात चर्र झालं असतं. पण कथेतला 'मी' म्हणजे लेखक नव्हे, लिहिणारा कोण ही चौकशी अडाण्यांनी करावी, असं सर पंचवीस वर्षं शिकवत आले होते. त्यांनी समासात लिहिलं, "नळाचं प्रतीक घासून गुळगुळीत झालंय. नवरा पटत नाही. इतका ठोंब्या माणूस असू शकत नाही. पुन्हा लिहून आणा. दहापैकी चार."

पत्र अर्थात बायकोचं होतं. ती एका कचेरीत टायपिस्ट होती. अक्षराला नावं ठेवू नयेत म्हणून तिने ते टाइप केलं, आणि घरात सरांची नजर हमखास जाते अशी एकच जागा असल्याने गृहपाठांवर ठेवलं. बिचारीचा हिशोब बरोबर होता, फक्त माणूस चुकला होता.

सकाळी चहा घेताना तिने विचारलं, "वाचलंत?"

"काय?"

"टेबलावरचं."

"वाचलं की सगळं. कशात काही दम नाही. एक तर नुसतं रडगाणं."

"बरं," ती म्हणाली आणि कप विसळायला गेली.

दुपारी तीनच्या तासाला सरांनी गृहपाठ वाटले. नाव नसलेला कागद कोणीच आपला म्हणेना. "कसं लिहू नये ते ऐका," म्हणत सरांनी तो मोठ्याने वाचला आणि विचारलं, "नळ कशाचं प्रतीक?"

"अश्रूंचं!" पहिला बाक म्हणाला.

"वाया गेलेल्या आयुष्याचं!" दुसरा म्हणाला.

मागच्या बाकावरची मुलगी वर्षभरात एकदाही बोलली नव्हती. ती म्हणाली, "सर, नळच असेल. सांगून सांगून थकली असेल ती."

"मग नवऱ्याला पत्र वाचूनही कळत कसं नाही?"

"त्याला वाटत असेल, दुसऱ्याच कोणाचं तरी आहे."

वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. सकाळी बाथरूममध्ये बादलीला ठेचकाळलेला अंगठा एकाएकी ठणकू लागला. बादली निळी होती. घड्याळात चार वाजायला वीस मिनिटं होती.

ते धापा टाकत बसथांब्यावर पोचले, तेव्हा बायको एक बॅग घेऊन बाकावर बसली होती. सरांच्या हातातला कागद तिने घेतला आणि लाल शाईवर डोळे फिरवले.

"नवरा पटत नाही," तिने वाचलं. "मलाही नाही पटला. अठरा वर्षं."

"अगं, मला वाटलं..."

"आणि हे चार गुण कशाचे?"

इथे 'थांब' म्हणायचं, हे कोणीही सांगितलं असतं. पण प्रश्न गुणांचा आला आणि सरांची जीभ सवयीने वळली. "शुद्धलेखनाचे," ते म्हणाले.

बस आली. ती पायरीवर चढल्यावर सरांच्या तोंडून कसंबसं निघालं, "थांब ना."

"पुन्हा लिहून आणा, असं लिहिलंय ना?" तिने कागद त्यांच्या हातात दिला. तिचे डोळे भरले होते. "आणा मग. या वेळी तुम्ही लिहा."

बस गेली. सर बाकावर बसले, कागद उलटा केला आणि लाल पेनाने लिहिलं, "मी". हा 'मी' कोण, याबद्दल आता कसलाच वाद उरला नव्हता. पुढचा शब्द मात्र पुढची बस येऊन गेली तरी सुचला नाही.