मागच्या खोलीचा मान

जावई सकाळपासून दोनदा चहा प्याला, एकदा पान खाल्लं आणि आता ओसरीवर बसून पायाचा अंगठा हलवत होता. पण ज्या कामाचं विचारायला घर खोळंबलं होतं, त्याचं नाव काढत नव्हता. धुरपदाबाईंना तो अंगठा मुळीच पसंत नव्हता. ज्या माणसाचा अंगठा हलतो त्याच्या मनात काहीतरी दडलेलं असतं, असं त्यांचं मत होतं. आणि पिंप्राळ्यात त्यांच्या मताला आजवर कुणी आडवं गेलेलं नव्हतं.

जीवराम मूळचा धुळ्याचा, पण नोकरीला पणजीच्या सरकारी कचेरीत. गोवा मोकळा होऊन सात-आठ वर्षं झाली होती आणि इकडची पोरं तिकडे कारकून म्हणून जाऊ लागली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हा खरा रिवाज. पण डॉक्टरनं पुष्पाला प्रवास बंद सांगितला आणि धुरपदाबाईंचा पहिला नातू समुद्राच्या काठी जन्मला. आता बारशासाठी दोन्ही आज्यांना न्यायला जीवराम आला होता. त्याची आई मंजुळाबाई कालच धुळ्याहून एस.टी.नं येऊन आतल्या पलंगावर बसली होती. जळगावहून रेल्वेनं मुंबई आणि मुंबईहून बोटीनं पणजी, असा बेत होता. बोटीतल्या खोल्यांचं त्यानं येता येताच नक्की केलं होतं.

अडचण एकच होती. जावयाशी सासूनं तोंडावर बोलायचं नाही, हा धुरपदाबाईंच्या घरचा कायदा. पदर पुढे ओढायचा आणि जे काय सांगायचं ते मधल्या माणसाकरवी सांगायचं. एरवी मधे पुष्पा असायची. आता पुष्पा पणजीला. म्हणजे मधलं माणूस उरलं एकच, ते म्हणजे विहीणबाई.

"इहीणबाई," धुरपदाबाई खांबाकडे तोंड करून म्हणाल्या, "त्यांले विचारा, खोल्यांचं काय झालं?"

"जिवराम, खोल्या भेटन्यात का रे?" मंजुळाबाईंनी आतूनच विचारलं.

"भेटल्या ना, माय. लहान बोट आहे. एका खोलीत एकच माणूस मावतं. एक खोली आहे पार पुढे अन् एक पार मागे, शेपटाकडे. मी आपला वर डेकवर झोपेन." तो थांबला. अंगठाही थांबला. "पुढची तुला घेतली. मागची सासूबाईंना."

धुरपदाबाईंच्या घरातही मागची खोली होती. तिच्यात गोवऱ्या, फुटकी सुपं आणि आटलेली एक शेळी होती.

"त्यांले सांगा," त्या म्हणाल्या, "मी काय सरपण हाये, मागच्या खोलीत टाकायला?"

"जिवराम, तुनी सासू इचारस, सरपण कोठे ठेवानं?"

"बोटीत सरपण लागत नाही, माय. जेवण मिळतं."

"अहो, असं नही म्हटलं मी!" धुरपदाबाईंनी खांबाला दरडावलं. "म्हणावं, एस.टी.च्या मागच्या बाकावर बसून एदलाबादच्या जत्रेला गेले होते, तर आंबाडा टपाला लागला. आठ दिवस मान वाकडी. म्हणावं, पंगतीत पुढं बसलेल्याला पुरणपोळी भेटते अन् मागच्याला कटाची आमटी. ह्यांले पुढचं-मागचं कळतं का नही?"

मंजुळाबाईंनी यातलं फक्त सोयीचं उचललं. "तुले पुढलं-मांगलं कळस का, असं म्हनी ऱ्हायनी ती."

जीवराम लाल झाला. त्यानं आईकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं. काहीतरी ओठांवर आलं आणि त्यानं ते गिळलं. मग म्हणाला, "थेटरात नाही का, मागची खुर्ची महागाची असते? पुढे शिट्ट्या मारणारे बसतात. तसंच हे."

"थेटर जागचं हालतं का?" धुरपदाबाई म्हणाल्या.

हे मंजुळाबाईंनी सांगितलंच नाही. त्यांना हसू आलं होतं.

खरं तर एस.टी. आणि पंगत हे वरवरचं होतं. धुरपदाबाईंच्या पोटात दुसरंच होतं. लेकराला ज्या आजीच्या बोटाचा गूळ पहिल्यांदा लागतो, त्या आजीच्या वळणावर ते जातं, असं त्यांच्या सासूनं त्यांना सांगितलं होतं. लग्नापासून त्या मंजुळाबाईंना पाहत होत्या. बाई दिवसभर पलंगावर बसते, सांगितलेलं अर्धं विसरते आणि जेवताना झोपते. नातू तसला निघाला तर? पुष्पाचं घर पणजीच्या धक्क्यासमोरच होतं. बोट लागली की पोर घेऊन ती धक्क्यावर उभी राहणार, असं तिनं कळवलं होतं. म्हणजे जी आजी आधी उतरेल, तिचा गूळ. आणि बैलगाडीत बैल आधी गावात शिरतो, मग गाडी, मग मागं लोंबकळणारा कंदील. पुढच्या खोलीतला माणूस गोव्याला आधी पोचणार, हे शेंबड्या पोरालाही कळेल.

त्यांनी भांडण केलं नाही. दुपारी शेवभाजीचं ताट विहिणीपुढे ठेवून त्या जवळ बसल्या.

"इहीणबाई, मी म्हणते, मुलाची आई तुम्ही. मान तुमचा मोठा."

"ते शेच," मंजुळाबाई म्हणाल्या.

"अन् महागाची खोली मी घ्यावी? लोक शेण घालतील माझ्या तोंडात. थेटरासारखी मागची तुम्हीच घ्या. मी राहीन कुठंतरी पुढं, शिट्ट्या मारणाऱ्यांत."

मंजुळाबाईंचा हात भाजीत थांबला. "थेटरसारखी?"

"तुमचाच लेक म्हणाला ना! तो सासूला देऊन बसला मेला भोळा. अन् आईला बसवलं पुढं."

संध्याकाळपर्यंत खोल्या बदलल्या होत्या. "माय, ऐक तर," असं जीवराम चार वेळा म्हणाला आणि चारही वेळा मंजुळाबाईंनी "आते तू बोलूच नको" म्हणून त्याला गप्प केलं. खांबाआडून धुरपदाबाई ऐकत होत्या. जावयाचा अंगठा पुन्हा हलायला लागला होता, पण आता त्यांना तो गोड दिसला.

मुंबईला भाऊच्या धक्क्यावर बोट पाहून दोघींनी हात जोडले. धुरपदाबाईंनी भरताच्या वांग्यांची पाटी, कळण्याच्या पिठाची पिशवी आणि केळीचा घड खोलीत नीट लावला. सावद्याच्या बाजारातला गूळ त्यांनी दोन पुड्यांत बांधला होता. एक मोठी पुडी विहिणीला दिली, कारण मानात कमी पडायला नको. आपली लहान पुडी कमरेला खोचली, कारण ती हाताशी पाहिजे. गोल खिडकीतून वारा येत होता. मुंबई मागे सरकत होती. मागे म्हणजे विहीणबाईंकडे. धुरपदाबाईंनी पाय पसरले आणि स्वतःशीच म्हणाल्या, "धुरपदे, जिंकलीस."

मग बंदर संपलं आणि समुद्र लागला.

दिवाळी नुकतीच उलटली होती, समुद्र काही खवळलेला नव्हता. पण बोटीचं नाक लाटेवर चढायचं, जरा थांबून विचार करायचं आणि धपकन खाली यायचं. त्याच नाकात धुरपदाबाई होत्या. त्यांना वाटलं, आपण ताकाच्या डेऱ्यात बसलो आहोत आणि वर कुणीतरी दमदार बाई रवी फिरवते आहे. पाटीतली वांगी एक एक करून बाहेर आली आणि खोलीभर हिंडू लागली. त्यातून बोट बंदराला थांबली की नांगराची साखळी त्यांच्या उशापाशी खडखडत सुटायची, जणू कुणी भांड्यांचं दुकान जिन्यावरून लोटून दिलं. अन् ही बोट काय एका बंदराला थांबते? मुतऱ्या बैलासारखी जागोजागी थांबत होती.

तिसऱ्या प्रहरी दारावर टकटक झाली. दाराबाहेर जीवराम होता, हातात लिंबू घेऊन. आत धुरपदाबाई होत्या, डोक्यावर पदर घेऊन, पण पदर कुठल्या बाजूला ओढावा हे बोटच ठरू देत नव्हती. आणि मधलं माणूस शेपटाकडे घोरत होतं.

जीवराम खाकरला. मग दाराच्या कडीला म्हणाला, "लिंबू आणलंय म्हणावं."

धुरपदाबाईंनी लोळत आलेल्या एका वांग्याकडे पाहिलं. "म्हणावं, ठेवा तिथंच. अन् विचारावं, मागं इहीणबाईंचं कसं आहे?"

"झोपल्यात," जीवराम कडीला म्हणाला. "धुळ्याला आमच्या घरामागे कापसाचा जिनिंग कारखाना आहे ना. मागे बोटीचं इंजिन तसंच रात्रंदिवस घरघरतं. माय म्हणाली, घरमाच शे असं वाटनं. पडल्या पडल्या झोप लागली."

धुरपदाबाईंनी डोळे मिटले.

"सांगावं त्यांना," कडी पुढे म्हणाली, म्हणजे जीवराम म्हणाला, "अजून खोली बदलायची असेल तर मी मायला उठवतो. त्यात बरं होईल. म्हणजे... सगळ्याच दृष्टीनं बरं होईल."

एकदा 'हो' म्हणायचं, की सुटका होती. पण धुरपदाबाईंनी आयुष्यात दिलेलं वाण परत मागितलं नव्हतं आणि घेतलेली जागा सोडली नव्हती. त्या वांग्याला म्हणाल्या, "त्यांले सांग, मले इथं लई बरं वाटतंय." आणि लिंबाची फोड तोंडात धरून गूळ कमरेला आहे ना, हे चाचपून पाहिलं.

उजाडता उजाडता पाणी एकदम शांत झालं. बोट नदीत शिरली होती. दोन्ही काठांना माडांची रांग, लाल कौलं, पांढरी देवळासारखी एक इमारत. धुरपदाबाईंनी तोंड धुतलं, लुगडं नीट केलं, आणि बोटीच्या अगदी टोकाला, जिथून पुढे फक्त गोवा होता, तिथे जाऊन कठड्याला धरून उभ्या राहिल्या. एवढ्या माणसांत त्यांच्या पुढे एकही जण नव्हता. धक्का दिसू लागला. धक्क्यावर निळ्या लुगड्यातली पुष्पा दिसली, तिच्या हातातलं पांढरं गाठोडं दिसलं. त्यांनी गुळाची पुडी सोडली.

आणि धक्का उजवीकडे सरकू लागला.

आधी धुरपदाबाईंना वाटलं, कालची चक्कर अजून उतरली नाही. पण धक्का सरकत सरकत पार बाजूला गेला, मग पाठीमागे गेला, आणि समोर पुन्हा नदीचं तोंड आलं, त्याच्यापलीकडे कालचाच समुद्र.

"अगं माय! परत चालली ही मुंबईला!" त्या ओरडल्या.

बाजूचा खलाशी हसला. "परत नाही, आजी. बोट इथं नेहमी वळवून लावतात. शिडी मागं लागते. मागचे आधी उतरणार."

धुरपदाबाई मागे वळल्या. त्यांच्यात आणि शिडीत अख्खी बोट होती. तिच्यात ट्रंका, वळकट्या, कोंबड्यांचे करंडे आणि ते सगळं एकदमच उचलणारी माणसं होती. आता त्यांच्या मागे कुणी नव्हतं. त्या सगळ्यांच्या शेवटी होत्या.

आणि दूर शेपटाकडे, शिडीच्या पहिल्या पायरीवर, मंजुळाबाई. झोप पुरी झालेली, केस विंचरलेले, हातात मोठी पुडी. पाठोपाठ जीवराम सामान घेऊन उतरला. मंजुळाबाई हळूहळू, कुठलीही घाई न करता पुष्पाजवळ पोचल्या आणि त्यांनी पुडीत बोट घातलं. पोर गाढ झोपलेलं होतं, तोंड घट्ट मिटून. मंजुळाबाई बोट धरून थांबल्या.

अजून वेळ होता. पण सांगणार कुणाकरवी? मधलं माणूसच तर गूळ घेऊन उभं होतं! धुरपदाबाईंनी कठडा धरला, पदर कधी खांद्यावर पडला ते त्यांना कळलंही नाही, आणि शेतावरून गड्यांना हाक मारायच्या आवाजात त्या थेट जावयाला म्हणाल्या,

"जावईबुवा! थांबवा त्यांले!"

जीवरामच्या हातातली ट्रंक खाली पडली. लग्न झाल्यापासून सासूबाईंनी त्याला उद्देशून काढलेले हे पहिले शब्द होते. धक्क्यावरचे हमाल थांबले. आणि पांढऱ्या गाठोड्यातलं पोर दचकून जागं झालं, लालबुंद झालं, आणि त्यानं सगळं तोंड उघडून जो सूर लावला, तो नदीच्या दुसऱ्या काठाला ऐकू गेला असेल. मंजुळाबाईंना एवढंच हवं होतं. त्यांचं बोट अलगद आत गेलं.

करंड्यांतून, कोंबड्यांतून वाट काढत धुरपदाबाई खाली उतरल्या तेव्हा पोर गूळ चाखत होतं.

"इहीणबाई, बरं व्हयनं तुम्ही हाक मारी," मंजुळाबाई म्हणाल्या. "ते तोंडच उघडत नव्हतं."

धुरपदाबाईंनी नातवाला पदरात घेतलं, दुसऱ्या नंबरावर का होईना. मंजुळाबाई बसायला जागा शोधत गेल्यावर पुष्पा नवऱ्याकडे वळली. "अहो, मी तुम्हाला एवढं बजावून पाठवलं होतं. माझी आई आधी उतरली पाहिजे, बोट वळवून लावतात, तिला मागचीच खोली घ्या!"

"घेतली होती ना," जीवराम अंगठ्याकडे बघत म्हणाला. "पण सासूबाईंना कारण सांगायचं ते मायच्याच तोंडून. मायला कसं सांगणार, की तू मागं राहावी म्हणून तुला पुढची घेतली? म्हणून मग ते थेटराचं..."

धुरपदाबाईंनी पदर सारखा केला, पण पुढे ओढला नाही. खांब शोधला नाही, कडी शोधली नाही. नातवाला खांद्यावर थोपटत त्या जावयाच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"जावईबुवा," त्या म्हणाल्या, "अक्कल तुमच्याजवळ हाये. फक्त ती तुम्ही मागच्या खोलीत ठेवता."