ई ड्राइव्हवरचे सासरे

बायको एवढंच म्हणाली होती, "अहो, बाबांची रेकॉर्डिंगं कुठेतरी नीट ठेवायला हवीत हो. हा कॉम्प्युटर हल्ली फार घरघरतो."

झालं! नक्कलरावांच्या अंगात संचारलं. (खरं नाव वेगळं; पण सव्वीस वर्षं रेकॉर्ड खात्यात कागदांच्या नकला काढणाऱ्या माणसाला ऑफिस दुसरं काय म्हणणार?)

सासरे घड्याळं दुरुस्त करायचे. शेवटच्या आजारपणात लेकीने त्यांना रोज थोडं थोडं बोलतं केलं आणि ते बोलणं सतरा फायलींत ई ड्राइव्हवर जपून ठेवलं. माणूस गेला, आवाज तेवढा राहिला. तो पुन्हा ऐकायचा धीर मात्र तिला अजून झाला नव्हता.

"क्लाउड बॅकअप घेऊन टाकतो," नक्कलराव म्हणाले.

"तुम्हाला जमेल?"

"अगं, नकला काढण्यात हयात गेली माझी!"

रविवारी सकाळी ते बाह्या सरसावून बसले. प्रोग्रॅम उतरवला, सूचना न वाचता 'पुढे, पुढे' दाबत गेले (वाचत बसतात ते नवशिके), आणि चार तासांनी हिरवी खूण उमटली: बॅकअप पूर्ण. इथे थांबले असते तर निभावलं असतं. पण खात्याचा नियम हाडीमाशी खिळलेला! नक्कल झाली, शिक्का बसला, की मूळ कागद नष्ट करून कपाट मोकळं करायचं. नक्कलरावांनी ई ड्राइव्ह पुसून लख्ख केला, आणि मोकळ्या जागेत ऑफिसातली स्कॅन केलेली जुनी रजिस्टरं ठासून भरली.

बायको चहा घेऊन आली. "मग? कुठे ठेवलंत बाबांना?"

"ढगात!" म्हणाले, आणि जीभ चावली.

दाखवायला म्हणून उघडलं, तर तिथे नुसता सी ड्राइव्ह. डी आणि ई यांच्यापुढच्या चौकटी कोऱ्या. प्रोग्रॅम आपणहून फक्त सी घेतो, बाकीच्यांवर खूण आपण करायची, हे बिचाऱ्याने तिसऱ्याच पानावर लिहिलं होतं. नक्कलरावांच्या तोंडचं पाणी पळालं.

"अहो, चेहरा का उतरलाय?"

"काही नाही. जरा शोधतोय."

"सतरा फायली आहेत, सुई हरवलीय का?"

सांगावंच लागलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीत बसली आणि हळूच म्हणाली, "मी एकदासुद्धा ऐकल्या नव्हत्या हो." नक्कलरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या बाईंनी धीर दिला. "पुसलेलं परत मिळतं. फक्त वर नवीन काही भरलेलं नाही ना?"

नक्कलराव चष्मा काढून पुसायला लागले.

"किती भरलंत?"

"मावेल तेवढं."

बाईंनी कपाळाला हात लावला.

 आठवडाभर घरात चहासुद्धा न बोलता समोर आदळला जाई. शेवटी बाईंचा फोन आला: सतरांपैकी एक फाइल वाचली. एकच.

दुकानात बाईंनी ती लावली. आधी खोकला, मग आवाज, जसाच्या तसा. "पोरी..." बायकोने तोंडाला रुमाल लावला. नक्कलरावांनी हात जोडले.

"पोरी, एक सांगून ठेवतो. जावई माणूस लाखमोलाचा आहे. पण हौस दांडगी, आणि हात तसा नाही. माझं एक घड्याळ साफ करतो म्हणाले, त्याची स्प्रिंग अजून सापडली नाही. तेव्हा जपायची वस्तू असेल ना, ती त्यांच्या हाती देऊ नकोस बाई. आपली तूच सांभाळ."

बायको रडता रडता हसली. दुरुस्तीवाल्या बाईंनी घाईघाईने पाठ फिरवली. नक्कलराव नुसतेच रडले.

घरी येऊन बायकोने स्वतःच्या हाताने त्या फाइलच्या नकला काढल्या. एक पेनड्राइव्हवर, एक खऱ्याखुऱ्या क्लाउडवर, आणि एकेक भावाला, वहिनीला, दोन्ही मावश्यांना, नणंदेला आणि नक्कलरावांच्या साहेबांना. आता जगबुडी झाली तरी ती पुसली जाणार नाही.