दारं मोजणारे घुलेकाका

घुलेकाका कुणाच्याही लग्नाला गेले की आधी कार्यालयाची दारं मोजतात. नवरा-नवरी नंतर. माझ्या मेहुण्याच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू व्हायला पाच मिनिटं असताना त्यांनी मला कोपऱ्यात नेलं आणि हळूच सांगितलं, "ग्रॅज्युएट, तीन दारं हायती. त्यातल्या एकापुढं आचाऱ्यानं शिलेंडर ठेवलाय." अक्षता पडत होत्या तेव्हा मी आणि काका सिलेंडर सरकवत होतो. मेहुणा अजून विचारतो, फोटोत तू का नाहीस.

'ग्रॅज्युएट' म्हणजे मी. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस. वडील बीडहून आले, भोसरीत प्रेस मशीनवर उभे राहिले आणि त्यातून माझं बी.कॉम. झालं. ते सर्टिफिकेट मी हॉलमध्ये, दारातून दिसेल असं लावलंय. मोशीच्या सोसायटीत राहायला आलो तेव्हा खालच्या मजल्यावरचे घुलेकाका चहाला आले आणि त्या फ्रेमपुढं बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, वाचतायत. म्हणाले, "खिळा बारीक हाय. सोफ्यावर बसणाऱ्याच्या टाळक्यात पडंल." दुसऱ्या दिवशी ड्रिल मशीन घेऊन हजर.

काका मूळचे राजगुरुनगरच्या पलीकडचे. चाकणच्या एका कंपनीत सगळी नोकरी सेफ्टी खात्यात काढली. आग लागली तर कुठून पळायचं, कुठं जमायचं, डोकी कुणी मोजायची, हे हजारो माणसांना शिकवलं. आग काही लागली नाही, याचं त्यांना समाधान आहे, पण मला वाटतं थोडी हुरहूरही आहे. रिटायर होताना कंपनीनं घड्याळ दिलं. काकांनी वरून स्वतःची शिट्टी मागून घेतली.

ती शिट्टी वर्षभरापासून आमच्या पार्किंगमध्ये रोज संध्याकाळी साडेपाचला वाजते. पाण्याच्या टाकीजवळ काकांनी पिवळ्या रंगानं एक चौकोन काढलाय. शिट्टी वाजली की घुलेकाकू घरातून निघतात, लिफ्ट सोडून जिन्यानं खाली येतात आणि त्या चौकोनात पर्स धरून उभ्या राहतात. काका घड्याळ बघतात, "पास!" म्हणतात आणि खिशातून श्रीखंडाची गोळी काढून काकूंच्या हातावर ठेवतात. सोसायटीत सगळे हसायचे. माझी बायको सुनीता तर चिडायची. "तीस-पस्तीस वर्षं कामगारांना पळवलं, आता बायकोला पळवतायत. गुडघे बघा त्या बाईचे!"

मी एकदा काकांना म्हणालो, "काका, रोज कशाला? आठवड्यातून एकदा पुरे की."

"ग्रॅज्युएट, पुस्तक एकदा वाचून पास झाला व्हतास काय?"



अशा माणसाच्या मुलीनं, तळेगावच्या मनीषानं, आई-बापाला क्रूझवर न्यायचं ठरवलं. मुंबईहून गोवा आणि परत, चार दिवस. आमच्या घरातही विषय निघाला आणि आम्हीही जोडले गेलो. चिखलीच्या एजंटकडं केबिन निवडायला मी काकांबरोबर गेलो, ही चूक झाली.

एजंटनं जहाजाचा नकाशा टेबलावर पसरला. "काका, ही बाल्कनीवाली घ्या. चहा घेत घेत समुद्र बघायचा."

"दारं किती?"

"एक बाहेरचं, एक बाल्कनीचं."

"बाल्कनीचं दार समुद्रात उघडतं. ते दार न्हाई, ती चूक हाय."

"मग निदान खिडकीवाली?"

"नको. आतली दे. बोटीच्या मधोमध. जिन्याजवळ. अन् पोरीच्या खोलीला मधनं दार पायजे."

एजंट घामाघूम झाला. पैशांचा प्रश्नच नव्हता, मनीषा वाटेल ते द्यायला तयार होती. पण काकांनी शेवटी बिनखिडकीची खोलीच घेतली आणि घरी येऊन गच्चीवर खडूनं तिचा नकाशा आखला. इथं पलंग, इथं बाथरूम, इथं दार. काकूंना त्या खडूच्या खोलीत आडवं केलं, उठवलं, दारातून बाहेर काढलं. पुन्हा आडवं केलं. मी बाल्कनीवाली केबिन घेतली होती आणि ते चारचौघांत सांगतही होतो. सोसायटीतल्या बायका हळहळल्या. जन्मात एकदा समुद्रावर निघाली बिचारी, नवऱ्यानं खिडकीसुद्धा दिली नाही!

बोटीवर पाऊल ठेवल्यावर लोक पहिल्यांदा जेवणाकडं धावले. बरेच जण तर नाश्ता, जेवण आणि पुन्हा नाश्ता यांच्यामध्ये उठलेच नाहीत. पोहण्याचा तलाव, नाचगाणी, एका मजल्यावर दुकानं. मी सगळं डोळे भरून बघत होतो. आपल्या बापानं फक्त इंद्रायणीवरची नाव बघितली, हे मनात येत होतं. घुलेकाकांचा आनंद मात्र वेगळाच होता. निघण्याआधी बोटीवर सगळ्यांना संकटात कुठं जमायचं ते शिकवतात. लोक जांभया देत उभे. काका पहिल्या रांगेत, हातात वही. सात लहान भोंगे आणि एक लांब वाजला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

शिकवणाऱ्या गोव्याच्या पोरीला त्यांनी विचारलं, "डोकी कोण मोजतं?"

"अंकल, सबका कार्ड स्कॅन होता है."

"अन् कार्ड खोलीत ऱ्हायलं तर?"

ती हसली. काका हसले नाहीत. त्यांनी काकूंना ती जागा नीट दाखवली. मोठा हॉल, निळ्या खुर्च्या, दारावर मोठं 'बी'. पुढचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ ते त्यांना खोलीतून तिथं नेत होते. दारातनं उजवीकडं, पिवळ्या पट्टीचा जिना, दोन मजले वर. पोचलं की गोळी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते दोघं आमच्या बाल्कनीत आले. सुनीतानंच आग्रह केला होता. काकू समुद्राकडं बघून लहान पोरीसारख्या हसत होत्या. काका शेजारी ताठ बसले होते आणि काकूंच्या पदराचं टोक त्यांनी मुठीत धरलं होतं. मी आणि सुनीता एकमेकांकडं बघून हसलो. भित्रा म्हातारा, आणखी काय.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या हॉलमध्ये पंढरपूरच्या बसला असते तशी गर्दी होती. मनीषा आपल्या लहान पोरीला घेऊन तलावावर होती. काका काकूंसाठी दहीभात आणायला उठले. परत आले तर खुर्ची रिकामी. टेबलावर काकूंचं कार्ड.

मला वाटलं, बाथरूमला गेल्या असतील. सुनीता बघून आली. नव्हत्या. खोलीत नव्हत्या. दुकानांत नव्हत्या. दहीभाताची वाटी हातात धरून काका पळत होते. ज्या माणसानं जन्मभर 'धावायचं न्हाई, घाबरायचं न्हाई' असं ओरडून सांगितलं, तो माणूस माणसांना धक्के देत एका दारातून दुसऱ्या दारात शिरत होता. उघड्या डेकवर गेले, कठड्याला पोट टेकवून खाली पाण्याकडं बघितलं. मी त्यांना मागं ओढलं.

"काका, सापडतील हो. मोठ्या आहेत त्या, विचारत विचारत येतील."

"काय विचारंल?" ते माझ्यावरच ओरडले. "खोलीचा नंबर तिला ध्यानात न्हाई. कवाकवा पोरीचं नाव न्हाई. वरीस झालं, ग्रॅज्युएट. डॉक्टर म्हनला, रोजची गोष्ट तेवढी ऱ्हाईल थोडे दिवस. रोजची."

पार्किंगमधला पिवळा चौकोन, गच्चीवरची खडूची खोली, समुद्रात न उघडणारं दार, मुठीतला पदर. वर्षभर मी हसत होतो. बी.कॉम. झालेला माणूस!

स्पीकरवर काकूंचं नाव पुकारलं जात होतं, आधी इंग्रजीत, मग हिंदीत. काका पुन्हा पळायला निघाले. मी त्यांचा दंड धरला.

"काका, कंपनीत माणूस सापडला नाही तर तुम्ही काय सांगायचा?"

वाटीतलं दही त्यांच्या मनगटावरून ओघळत होतं.

"सांगा ना."

"शोधत फिरायचं न्हाई," ते पुटपुटले. "जमायच्या जागी जायचं."

आम्ही पिवळ्या पट्टीच्या जिन्यानं उतरलो. 'बी' लिहिलेल्या हॉलमध्ये हाऊजी रंगात आली होती. आकडे पुकारत होते, कुणीतरी आनंदानं किंचाळलं. आणि त्या सगळ्या गोंधळात पहिल्या रांगेतल्या निळ्या खुर्चीवर घुलेकाकू बसल्या होत्या. पाठ सरळ, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. मी शेजारच्या खुर्चीत चक्क बसकण मारली.

काकूंनी काकांकडं पाहिलं. चांगल्याच रागावल्या होत्या.

"कवाची बसलेय मी! कुटं हरवला व्हता तुमी?"

काका उभेच होते.

"वळून बघितलं तर तुमी न्हाई. एवढी माणसं. म्हटलं, शिट्टी न्हाई वाजली, पर हरवला असंल तर हितंच येनार. जाताय कुटं."

"व्हय," काका म्हणाले. "हरवलो व्हतो."

त्यांनी वाटी मला दिली आणि खिशात हात घातला. गोळी निघाली, पण दह्यानं माखलेल्या बोटांनी कागद सुटेना. काकूंनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली, सावकाश सोडली, आणि स्वतः न खाता काकांच्या तोंडात घातली.

"उशीर झाला," त्या म्हणाल्या. "पर पास."