लिनक्सचं नाव ठेवणारे जावईबापू

इल्पोने दालचिनीचा दुसरा पाव उचलला नसता, तर पुढची सव्वीस वर्षं त्याला गावातून मान वर करून चालता आलं असतं. पण उचलला. नुसता उचलून थांबला नाही, अर्धा एका घासात तोंडात कोंबला. (सासूबाईंकडचा पाव होता. तिथे जपून खाल्लं की "आवडला नाही वाटतं" हे ऐकावं लागतं.)

साल १९९९. इकालिनेन गावात सासूबाईंच्या स्वयंपाकघरात कॉफी चाललेली. सासूबाई आउने, त्यांची मुलगी मेर्या आणि मेर्याचा नवरा इल्पो, एवढीच मंडळी. आउनेबाई चष्मा नाकावर ओढून पेपर वाचत होत्या, आणि अचानक थांबल्या.

"इल्पो, तू ओतानिएमीला होतास ना रे? त्या तंत्रविद्यापीठात?"

"हं."

"संगणकांच्या खोलीत?"

"हं."

"एक्याण्णव साली?"

"हं."

तिन्ही हं शंभर टक्के खरे होते, हे इल्पोच्या बाजूने सांगायलाच हवं.

"अगं बाई! मेर्या, हे बघ काय छापलंय. ते लिनक्स म्हणून निघालंय ना, आख्ख्या जगातले संगणक चालवणारं, ते लिहिलं आपल्या हेलसिंकीच्या पोराने, पण नाव त्याने नाही ठेवलं. त्याच्या मनात भलतंच होतं. ओतानिएमीच्या ज्या यंत्रावर ते लोकांसाठी ठेवलं, तिथल्या देखभाल करणाऱ्या माणसाने आपल्या मनाने फोल्डरला नाव दिलं, तेच चिकटलं." मग चष्म्यावरून बघत त्या म्हणाल्या, "इल्पो, म्हणजे नाव तू ठेवलंस?"

आता खरी गोष्ट अशी की, त्या खोलीत इल्पो एक उन्हाळा प्रिंटरला कागद घालायला होता. कागदाची खोकी तळघरातून वर आणायची, प्रिंटर रिकामा झाला की भरायचा, अडकला की ओढून काढायचा. संगणकाला हात लावायची त्याला सक्त मनाई होती. तो "नाही" म्हणणारच होता. पण तोंडात अर्धा पाव! आणि तो गिळेपर्यंत आउनेबाईंनी टेबलावर थाप मारली.

"बघितलंस? बोलतसुद्धा नाही! नऊ वर्षं या घरात येतोय, एका अक्षराने बोलला नाही. याला म्हणतात माणूस!"

आमच्याकडे हे असंच आहे. स्वतःचं कौतुक सांगणारा माणूस म्हणजे पोकळ, आणि जो गप्प बसतो त्याच्याकडे नक्की काहीतरी घबाड आहे, अशी सगळ्यांची खात्री. इल्पोने घास गिळला तेव्हा त्याच्या कपात कॉफी पडत होती, मेर्याच्याही आधी. नऊ वर्षांत पहिल्यांदा! एरवी कॉफी ओतताना आउनेबाई वनखात्यातल्या काउकोची आठवण काढत. मेर्याला त्याने मागणी घातली होती. त्या दिवशी काउकोचं नाव निघालं नाही. इल्पोने मनाशी ठरवलं, आज राहू दे, पुढच्या रविवारी सांगू.

पुढच्या रविवारपर्यंत आउनेबाईंच्या शिवणमंडळातल्या बाराही बायकांना बातमी कळली होती, आणि गावाने त्याचं नामकरण करून टाकलं होतं: लिनक्सचं नाव ठेवणारे जावईबापू.

इथपर्यंतही निभावलं असतं. पण तो काळ घरोघरी इंटरनेट येण्याचा. टेलिफोनच्या तारेतून यायचं ते. मोडेम लावला की आधी कुई, मग खर्र, मग दारात मांजराची शेपटी सापडल्यासारखा आवाज, आणि एवढं करून एक चित्र उघडायचं तर कपाळापासून हनुवटीपर्यंत यायला एक कप कॉफी संपायची. घरातल्या कुणी मधेच फोन उचलला की पुन्हा कपाळापासून सुरुवात. मोडेम रुसला की लोक कोणाला बोलावणार? ज्याने आख्ख्या जगाच्या संगणकाचं नाव ठेवलं तो आपल्याच गावात, पाणीपुरवठ्याच्या मीटरचे आकडे घेत फिरतोय, तर त्यालाच.

इल्पो जायचा. (नाही म्हणायला तोंड होतं कुठे?) गंभीर चेहरा करून बसायचा. एक वायर काढायचा, तिच्यावर फुंकर घालायचा, परत खुपसायचा, "हं" म्हणायचा, कॉफी प्यायचा आणि जाताना सांगायचा, "उद्यापर्यंत थांबा." आणि नवल म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळं चालू! एकदा पाद्रीबाईंच्या कचेरीत त्याच्या फुंकरीनंतर टेलिफोन दोन दिवस गुंतलेला राहिला आणि एक बारसं खोळंबलं, पण तिसऱ्या दिवशी तिथेही चालू झालं. इल्पोलाच शंका येऊ लागली, आपल्या फुंकरीत काही असेल का?

पण लाज काही सुटेना. टीव्हीवर लिनक्स शब्द आला की तो चॅनेल बदलायचा. कोणी पाहुण्याला ओळख करून देताना "हेच ते" म्हणालं की त्याचे कान तापायचे, आणि लोक म्हणायचे, बघा, किती लाजतो! मेर्याला सांगावं असं कितीदा मनात आलं. पण आज सांगितलं तर ती विचारणार, काल का नाही सांगितलंस? त्या कालला रोज एक दिवस जोडला जात होता. असं करता करता सव्वीस वर्षं गेली.

आणि यंदा फ्रिजवर ग्रंथालयाचं पत्र लागलं.

"वाचलंस का?" मेर्या म्हणाली. "संगणकांच्या खोलीला आपल्या घरातलं नाव देताहेत. पाटी लावणार. बारा तारखेला दुपारी एक वाजता."

"बारा तारखेला?"

"हो, नेमका तुझा साठावा वाढदिवस. आईने आत्तापासून निळा ड्रेस काढून ठेवलाय. पडद्याची दोरी तीच ओढणार."

ते पत्र इल्पोने वाचलंच नाही. दूध काढायचं झालं तरी फ्रिजकडे तोंड फिरवून काढायचा. इतके दिवस खोटं हवेत होतं, आता ते भिंतीला चार स्क्रूंनी बसणार! आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांची सासू स्वतःच्या हाताने त्याच्यावरचा पडदा ओढणार. उद्या कोणीतरी खरं बाहेर काढलं की शिवणमंडळात तिने तोंड कसं दाखवायचं?

त्याने काय केलं? पेपरात दोन ओळी दिल्या: 'वाढदिवशी प्रवासात.' आमच्याकडे ज्याला पाहुणे नको असतात तो असं छापून आणतो. मग तो आपल्याच अंगणात उभा दिसला तरी शेजारी मान फिरवतात. छापून आलंय ना, मग तो प्रवासातच.

बारा तारखेला इल्पोने प्रवास केला तो घरामागच्या सौनापर्यंत, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरापर्यंत. थंडगार सौनात फळीवर, मांडीवर थर्मास घेऊन, टॉवेल पांघरून बसला. पाऊण वाजता मेर्याने दार उघडलं.

"अरे, तू इथे? सहा वाजल्यापासून ब्रोच लावून बसलेली आई ग्रंथालयात पोचलीसुद्धा! काय झालंय तुला?"

"मेर्या, मी नाही ठेवलं."

"काय नाही ठेवलंस?"

"लिनक्सचं नाव. मी प्रिंटरला कागद घालत होतो. एकच उन्हाळा. आणि तिथे पण एकदा कागद उलटा घातला." त्याने टॉवेल डोक्यावर ओढला. "मला लाज वाटते गं. सव्वीस वर्षं तुझ्या आईची कॉफी मी फुकट प्यालो."

मेर्याने त्याच्या मांडीवरचा थर्मास उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "अरे इल्पो, ऐकून तर घे, ती पाटी..."

"नाही! आज मला अडवू नकोस!" पस्तीस वर्षांच्या संसारात इल्पोने तिला पहिल्यांदाच मधे तोडलं. "पाटी लागायच्या आत मी सांगणार. सगळ्यांसमोर सांगणार!"

आणि तो निघाला. सौनातल्या चपला, खांद्यावर टॉवेल, तसाच सायकलवर बसून. मेर्या मागून हाका मारत होती, "थांब रे बाबा, थांब!" वाटेत चार ओळखीचे भेटले. चौघांनी माना फिरवल्या.

ग्रंथालयात वीस-पंचवीस माणसं होती. मेजावर केक, भिंतीवर छोटासा पडदा, शेजारी खुर्चीत निळ्या ड्रेसमध्ये ताठ बसलेल्या आउनेबाई, हातात दोरी. पेपरची फोटोग्राफर पोरगी कॅमेरा रोखून उभी. ग्रंथपाल सौलीबाईंनी घसा साफ करून नुकती सुरुवात केली होती, "आज आपण जिचा सन्मान करतोय, त्या व्यक्तीने..."

"थांबा!" इल्पो ओरडला.

त्या ग्रंथालयात कोणी ओरडल्याची कुणालाच आठवण नव्हती. इल्पो थेट पडद्यासमोर जाऊन उभा राहिला.

"मी या सन्मानाच्या लायकीचा नाही. ते नाव मी ठेवलेलं नाही. मी तिथे कागद भरत होतो. मला संगणकातलं ओ की ठो कळत नाही. तुमच्या मोडेमवर मी नुसती फुंकर घालत होतो. आई, तुम्हाला मान खाली घालायला लावली मी. मला माफ करा."

आउनेबाईंनी दोरी मांडीवर ठेवली.

"इल्पो, माहीत आहे."

"कुणाला?"

"सगळ्यांना," मागून शिवणमंडळाच्या हिल्काबाई म्हणाल्या. "दोन हजार सालापासून."

"तुझं नाव इंटरनेटवर बघायचं म्हणून मी मुद्दाम संगणक घेतला," आउनेबाई म्हणाल्या. "बासष्टाव्या वर्षी पुस्तक वाचून वाचून शिकले. चार दिवस शोधलं, तर दुसऱ्याच कुणाचं नाव निघालं."

"मग मला बोलला का नाहीत, आई?"

"कुठल्या तोंडाने बोलू? गावभर डांगोरा मीच पिटला होता ना! मलाही लाज होतीच की. आणि तू..." त्यांनी ब्रोच सरळ केला. "तू माझ्या टेबलाशी तेव्हा कुठे पहिल्यांदा पोटभर खायला लागला होतास."

इल्पोचे डोळे भरून आले. तेवढ्यात एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली.

"पण मग मोडेम? ते दुसऱ्या दिवशी चालू व्हायचे ते?"

"तू गेलास की आम्ही आउनेला फोन करायचो," हिल्काबाई म्हणाल्या. "ती सायकलवर यायची आणि वायर बरोबर भोकात घालायची."

"माझ्याकडे दोन दिवस लागले," पाद्रीबाई म्हणाल्या. "फोनच लागत नव्हता, मग चालत जाऊन आणलं तिला."

सौलीबाईंनी पुन्हा घसा साफ केला. आउनेबाईंनी दोरी ओढली. पडदा सरकला. पाटीवर कोरलेलं होतं: 'आउनेची खोली. हिने गावाला इंटरनेट शिकवलं.'

म्हणजे आपण या बाईच्या समारंभात, तिच्या पाटीपुढे, टॉवेल घेऊन उभे आहोत आणि तिचा मान नम्रपणे नाकारतो आहोत, हे इल्पोला तेव्हा उमगलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. जमिनीवर गालिचा होता.

"आज माझा दिवस होता रे," आउनेबाई हळूच म्हणाल्या. "सव्वीस वर्षं थांबलास, आणखी दहा मिनिटं थांबला असतास तर काय बिघडलं असतं?"

"अहो काका, जरा बाजूला व्हा," फोटोग्राफर म्हणाली. "पाटी दिसत नाहीये."

इल्पो डावीकडे सरकला. "अजून थोडे." उजवीकडे सरकला. "तुमचा टॉवेल येतोय." शेवटी तो बाहेर बोळात जाऊन कोटांच्या खुंट्यांखाली बसला. आतून टाळ्या ऐकू आल्या. जरा वेळाने मेर्या केकची बशी घेऊन आली.

"आईने पाठवलाय," ती म्हणाली. "आणि निरोप आहे, आणखी काही कबूल करायचं राहिलं असेल तर आत येऊन आत्ताच काय ते सांग म्हणतेय. पुढच्या खेपेला सव्वीस वर्षं थांबणं तिला जमणार नाही."