आत टी-शर्ट, वर हुडी

पिराजीनं छपाईच्या दुकानाचं शटर वर केलं, तेव्हा ऋतुराज पायरीवर उभाच होता. आता पिराजीचा डबा येऊन खाऊनही झाला होता आणि ऋतुराज अजून दुकानातच होता. उजव्या हातात काळी हुडी, डाव्या हातात पिवळा टी-शर्ट. दोन्हींच्या छातीवर एकाच म्हशीचं चित्र आणि खाली वळणदार अक्षरांत 'रंभा, उचगाव'.

"पावणं, कापड हाय, बायकू न्हाय," पिराजी हात पुसत म्हणाला. "न्हाई पटलं तर बदलून देतो. पण आता एक कायतरी घ्या आणि सुटा."

"उद्या ऊन असंल का हो?"

"मी काय वेधशाळा हाय?"

ऋतुराज शिवाजी पेठेतल्या एका चष्म्याच्या दुकानात कामाला होता. गिऱ्हाईकानं दोन फ्रेमा नाकावर चढवून 'कुठली बरी दिसते?' असं विचारलं की तो मनापासून 'दोन्ही' म्हणायचा, आणि निम्मी गिऱ्हाइकं खरंच दोन्ही घेऊन जायची. मालक त्याच्यावर खूश होता. पण दुकानात जो गुण, तो बाहेर रोग. लग्नाला होकार कळवायलासुद्धा त्यानं इतके दिवस लावले, की तेजस्वीच्या वडलांनी शेवटी निरोप धाडला, 'नको असंल तर तसं सांगा, दुसरं स्थळ आलंय.' तेव्हा कुठं गडी धावत उचगावला गेला होता.

उद्या पाडवा होता. लग्नानंतरचा पहिला दिवाळसण, आणि तो उचगावला सासरी. सासरे आकाराम यांचा म्हशींचा गोठा. त्यातली रंभा म्हणजे गावाचं नाक. पाठीपर्यंत गेलेली लांब शिंगं, तुकतुकीत अंग आणि चालण्यात असा ठेका की माणसं दूध घ्यायला यायची आणि तिला बघत बसायची. मेहुण्यानं, म्हणजे अमरसिंहनं, तिचे व्हिडिओ मोबाईलवर टाकले आणि पार नृसिंहवाडीपर्यंत तिचे फॅन झाले. पाडव्याला माळावर म्हशी पळवायची रीत. मालकानं पुढं व्हायचं, सजवलेल्या म्हशीनं त्याच्या मागं गर्दीतून पळायचं. जी सगळ्यात मन लावून पळेल तिला मानाची ढाल. ती ढाल आकारामच्या गोठ्यात अजून एकदाही आली नव्हती.

यंदा ती येणार याबद्दल बापलेकांचं एकमत होतं. कशी येणार यावर मात्र दसऱ्यापासून अबोला होता. अमरसिंह म्हणायचा, रंभा पळते ती सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकलच्या मागं. आकाराम म्हणायचे, ती पळते माझ्या हाकेवर. अमरसिंह रोज सकाळी काळी हुडी घालून गाडीवरनं तिला पळवायचा. त्यानं फॅन लोकांसाठी तशाच हुड्या छापून घेतल्या. आकारामनं त्याच दुकानातनं पिवळे टी-शर्ट छापून घेतले आणि स्वतः पायजम्यावर टी-शर्ट घालून संध्याकाळी हाका मारत तिला फिरवायला लागले. एकमेकांशी बोलायचं झालं तर दोघंही रंभेमार्फत बोलत. "रंभे, सांग त्याला, पेंड संपली." "रंभे, सांग त्यास्नी, सकाळीच आणून टाकलीय."

तेव्हा हुडी घ्यायची का टी-शर्ट, हा प्रश्न नुसत्या कपड्याचा नव्हता. हुडी घेतली तर सासरा गेला, टी-शर्ट घेतला तर मेहुणा गेला. पहिल्याच दिवाळसणाला अर्धं सासर गमवायचं ऋतुराजच्या अगदी जिवावर आलं होतं. त्यानं दोन दिवस आधीच माहेरी गेलेल्या तेजस्वीला फोन लावला.

"काय घेऊ?"

"कायबी घ्या."

"कायबी म्हणजे?"

"म्हणजे दोन्हीतलं कायबी एक. अहो, एवढं तरी स्वतःच्या मनानं ठरवा की!"

फोन बंद झाला. ऋतुराजनं हुडीकडं पाहिलं, टी-शर्टकडं पाहिलं, पिराजीकडं पाहिलं. पिराजीनं हात जोडले. आणि ऋतुराजनं आयुष्यभर जे केलं तेच केलं. दोन्ही घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्कूटरवरनं उचगावला पोचला तेव्हा आत पिवळा टी-शर्ट आणि वर गळ्यापर्यंत चेन लावलेली काळी हुडी असा त्याचा थाट होता. ऊन असं होतं की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा सावलीतनं हलत नव्हती. घामाची धार पाठीवरनं निघून कमरेशी पोचली होती.

दारातच अमरसिंह भेटला. "दाजी! नाद खुळा! मला ठावं हुतं, तुम्ही आमच्या पार्टीत." त्यानं मिठी मारली. आतली वाफ गळ्यातनं बाहेर आली.

गोठ्यात आकाराम रंभेच्या शिंगांना रंग लावत होते. त्यांनी जावयाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि तोंड म्हशीकडं वळवलं. "रंभे, जावई बी फुटला गं."

"न्हाई मामा, हे बघा की!" ऋतुराजनं झर्रकन चेन खाली ओढली. आतला पिवळा रंग दिसला तसे म्हातारबा फुलले. "आसं व्हय! वरनं झाकलंय व्हय! रंभे, आपला माणूस हाय."

तेवढ्यात अमरसिंह मोरपिसं घेऊन गोठ्यात आला. चेन वर. तो गेला, चेन खाली. आकाराम बादली आणायला वळले, अमरसिंह परत आला, चेन वर. थोड्याच वेळात ऋतुराजला गोठ्यातल्या पावलांचा आवाज ओळखू यायला लागला आणि हात आपोआप चेनीवर जायला लागला. जीव नुसता खालीवर होत होता. बसावं तर बसवेना, पाणी प्यावं तर चेन सोडवेना.

ओवाळून घ्यायला बसला तेव्हा त्याच्या कपाळावरचं कुंकू घामाबरोबर नाकाच्या शेंड्याला आलं. सासूबाई, म्हणजे बाळाबाई, घाबरल्या.

"जावाईबापू, ताप भरलाय काय? एवढ्या उन्हात अंगावर जाडजूड घातलंय ते!"

"न्हाई आत्या, बरा हाय मी."

"बरा कुठला? डोळं बघा कसं झाल्यात!" आणि त्यांनी आलं, मिरी, गवती चहा घालून उकळता काढा आणला. सासूचा पहिल्या सणाचा आग्रह मोडता येईना. ऋतुराजनं तो आग्रह घोट घोट करून पोटात घातला. आता बाहेरनं ऊन, मधनं हुडी आणि आतनं मिरी.

तेजस्वीनं त्याला माजघरात ओढलं. "काढा ती हुडी."

"मग अमरदादाला काय वाटंल?"

"मग टी-शर्ट काढा."

"मग मामांस्नी?"

"मग मरा शिजून!" ती म्हणाली, पण जाताना पदरानं त्याचं कपाळ पुसून गेली. तिलाही वाईट वाटत होतंच.

दुपार कलल्यावर सगळा गाव माळावर लोटला. म्हशी काय सजल्या होत्या! कवड्यांच्या माळा, पाठीवर नक्षी कातरलेली, पायात घुंगरं. रंभा आली तशी हुड्या आणि टी-शर्ट दोन्ही बाजूंनी शिट्ट्या मारायला लागले. माळाच्या एका अंगाला काळे, दुसऱ्या अंगाला पिवळे, मधे पळायची मोकळी वाट आणि वाटेच्या शेवटी पंचांचं स्टेज. माईकवर विजयसिंह होते, गावातल्या प्रत्येक कार्यक्रमाला माईक त्यांच्याकडंच असायचा.

"दाजी, इकडं उभं ऱ्हावा, माझ्या गाडीजवळ," अमरसिंहनं सांगितलं.

"पावणं, इकडं या, माझ्या अंगाला," आकारामनं हाक दिली.

ऋतुराजनं काय करावं? तो वाटेच्या बरोबर मधे उभा राहिला. चेनही बरोबर मधे, बेंबीच्या वर चार बोटं थांबवली. बाजूनं पाहिलं तर हुडी, समोरनं पाहिलं तर टी-शर्ट. आता कुणाला काय बोलायला जागाच नाही, असं त्याला वाटलं आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यानं मोकळा श्वास घेतला.

विजयसिंहांनी माईकवरनं इशारा दिला. रंभेची दोरी सुटली. अमरसिंहनं गाडीचा कान पिळला, फटाक्यांची माळ लागल्यागत आवाज उठला. त्याच क्षणी आकारामनं आभाळाला तोंड करून हाक घातली, "ये रंभेऽऽ!"

रंभा उजवीकडं एक पाऊल गेली. थांबली. डावीकडं एक पाऊल गेली. थांबली. पुन्हा उजवीकडं मान, पुन्हा डावीकडं. सकाळी एकाच्या मागं, संध्याकाळी दुसऱ्याच्या मागं पळालेलं ते जनावर, आता दोघं एकदम बोलवायला लागल्यावर त्यानं जायचं कुठं? ऋतुराजला तिची फार दया आली. आपलं दुःख ओळखणारं या गर्दीत कुणीतरी आहे, असं त्याला वाटलं.

रंभेनं समोर पाहिलं. मधोमध एक माणूस उभा होता, बाहेरनं काळा, आतनं पिवळा. तिचा प्रश्न सुटला. ती त्याच्याकडं निघाली.

"न्हाई न्हाई! म्या न्हाई!" ऋतुराज एक पाऊल मागं सरकला. ती दोन पावलं पुढं आली. तो झपझप चालायला लागला, ती दुडक्या चालीनं आली. त्यानं पाठ फिरवून धूम ठोकली, तशी घुंगरं खळाळली आणि रंभा शेपूट वर करून सुटली. पळण्याच्या हिसक्यानं हुडीची टोपी उडून त्याच्या डोळ्यांवर आली. आता त्याला काहीच दिसत नव्हतं, फक्त मानेवर गरम फुसकारे जाणवत होते. तोंडातनं "आत्याऽऽ" अशी हाक निघत होती, ती सासूला होती का आणखी कुणाला, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"बघा मंडळी, बघा!" विजयसिंह माईकवर ओरडत होते. "ना दोरी, ना काठी! नुसत्या मायेनं पळालीया म्हस! अरं पळा की पावणं, आणि जोरात!"

ऋतुराज स्टेजवर आदळला आणि हातापायांनी वर चढून पंचांच्या खुर्चीमागं गेला. रंभा बरोबर स्टेजला लागून थांबली, मान लांब केली आणि त्याच्या हुडीची बाही शांतपणे चाटायला लागली. आख्खा माळ टाळ्यांनी दणाणला. पंचांनी एकमेकांशी बोलायचीही तसदी घेतली नाही. मानाची ढाल रंभेला.

आकाराम आणि अमरसिंह दोन्ही बाजूंनी धावत आले.

"बघितलंस? टी-शर्टाच्या मागं पळाली!" आकाराम ओरडले.

"आबा, काय बोलताय? हुडी बघून सुटलीय ती!"

"हुडीला कोण विचारतंय रं?"

"तुमच्या टी-शर्टला तर कुत्रं बी विचारत न्हाई!"

बाळाबाईंनी डोळ्याला पदर लावला. "बया, बोलली की गं दोघं!" त्या तेजस्वीला म्हणाल्या. दसऱ्यापासून घरात दोघांची ताटं वेगवेगळ्या वेळी वाढून त्या थकून गेल्या होत्या.

पण भांडण मिटायला पुरावा हवा होता. दोघंही स्टेजकडं वळले. "जावाईबापू, तुम्हीच सांगा. खरं सांगायचं. तिनं काय बघितलं, टी-शर्ट का हुडी?"

काळे बघत होते, पिवळे बघत होते. ऋतुराजनं खुर्चीमागनं डोकं वर काढलं.

"मामा," तो धापा टाकत म्हणाला, "मी पुढं पळत हुतो. मागं बघाय सवड कुठली?"

तेवढ्यात अमरसिंहच्या मोबाईलवर कुणीतरी पळतानाचा व्हिडिओ धाडला. तो बघता बघता खुदकन हसला. आकारामनं मान वाकवून बघितलं आणि तेही हसले. बापलेक एकाच मोबाईलवर डोकं लावून उभे राहिले. पडद्यावर रंभा मागं कुठंतरी अस्पष्ट होती. पुढं होता ऋतुराज, टोपी डोळ्यांवर, जबडा वासलेला, एक हात चेनीवर.

"आबा, म्हशीपेक्षा दाजींचाच फोटू भारी आलाय."

"तर! असलं तोंड हुडकून सापडायचं न्हाई. पुढच्या खेपंला ह्योच छापायचा!"

"छापायचाच! आत्ताच पन्नास जणांनी विचारलंय." अमरसिंह स्टेजच्या कडेला आला. आकाराम त्याच्या खांद्यावर हात टाकून शेजारी उभे. दोघांचे चेहरे असे उजळलेले, की नाही म्हणायची सोयच नव्हती. "दाजी, फोटू तुमचा, तर मान बी तुमचा. आम्ही आता वाद घालत न्हाई. तुम्ही म्हणाल तसं. कशावर छापायचा, हुडीवर का टी-शर्टवर?"

तेजस्वीनं कपाळावर हात मारून घेतला. आता रात्र इथंच होणार, हे तिला दिसत होतं.

"रुमालावर," ऋतुराज म्हणाला.

पापणीसुद्धा न लवता. तेजस्वी नवऱ्याकडं बघतच राहिली.

"रुमालावर?" आकाराम म्हणाले. "ते का वो, जावाईबापू?"

"घडी घातली की तोंड दिसत न्हाई."